रिकामे, निरर्थक आणि दुवा नसलेले स्पॅम मेल नेमके कशासाठी येतात?

वाचनकट्टा (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे ई-मेल खाते पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. शासकीय परिपत्रके, प्रकाशकांच्या सूची, देणगीदारांची पत्रे असा त्या खात्यावरचा नेहमीचा व्यवहार असतो. पत्ता आमच्या संकेतस्थळावर उघडपणे छापलेला असल्यामुळे औषधांच्या, कर्जाच्या आणि लॉटरीच्या जाहिराती येणार हे आम्ही गृहीत धरलेले आहे. त्यांचा हेतू स्पष्ट आहे.

माझा प्रश्न ज्यांत काहीच विकले जात नाही अशा मेलबद्दल आहे. काही मेल पूर्ण रिकामे असतात; त्यांना विषय नसतो, मजकूर नसतो, सोबत फाइलही नसते. काहींत एकमेकांशी संबंध नसलेल्या इंग्रजी शब्दांची रांग असते, किंवा एखाद्या जुन्या कादंबरीतून उचलल्यासारखा परिच्छेद असतो आणि तो वाक्याच्या मध्येच संपतो. तिसऱ्या प्रकारात फक्त एक ओळ असते: ‘नमस्कार, माझा कालचा मेल मिळाला का?’ खाली नाव असते, पण त्या नावाच्या कोणालाही आम्ही ओळखत नाही आणि कालचा मेल आलेलाच नसतो.

या तिन्ही प्रकारांत दुवा नाही, दूरध्वनी क्रमांक नाही, पैशांची मागणी नाही. तरीही कोणीतरी ते पाठवण्याची व्यवस्था उभी केली आहे आणि ती वर्षानुवर्षे चालू ठेवली आहे. आमच्या वाचनकक्षातील काही ज्येष्ठ सभासदांना हे गुप्त संदेश असावेत असे वाटते, आणि त्यांना समाधानकारक उत्तर देता यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सर्व्हरघर

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अशा मेलकडे ‘काहीतरी बिघाड असेल’ असे म्हणून सहसा दुर्लक्ष केले जाते. एका महाविद्यालयाचा मेल सर्व्हर सांभाळताना मला जे पाहायला मिळाले त्याच्या आधारे लिहितो.

मेलचा हेतू त्याच्या मजकुरात असतो असे आपण धरून चालतो, आणि कोड्याची सुरुवात तिथेच होते. अशा मेलचे काम बहुतेक वेळा मजकुरात नसून पोहोचण्याच्या प्रक्रियेत असते. एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला मेल देतो तेव्हा त्यांच्यात आधी एक छोटा संवाद होतो. पाठवणारा विचारतो की या पत्त्यासाठी मेल आहे, घेणार का? पत्ता अस्तित्वात असेल तर समोरून २५० हा आकडा येतो, नसेल तर सहसा ५५०. हा संवाद मजकूर पाठवण्याच्या आधी होतो. म्हणजे ज्याला फक्त पत्ता जिवंत आहे की नाही हे जाणून घ्यायचे आहे त्याचे काम मजकुराची वेळ येण्यापूर्वीच झालेले असते. अशा माणसाचा प्रोग्राम एकाच संस्थेच्या नावापुढे माहिती, संपर्क, प्राचार्य, ग्रंथपाल असे शब्द आणि प्रचलित नावे व आडनावे लावून हजारो पत्ते तयार करतो आणि एकेक करून विचारत जातो. नकार आलेले पत्ते गाळले जातात, उरलेली यादी विकली जाते. कधी हा प्रोग्राम संवाद मध्येच तोडतो, आणि मग सर्व्हरच्या नोंदींखेरीज कुठेच काही दिसत नाही. कधी तो संवाद पूर्ण करतो, पण मजकुराच्या जागी काहीही ठेवत नाही. आपल्याला मिळणारे रिकामे मेल बहुधा याच कामातून उरलेले असतात.

एका ओळीचा मेल हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. पत्ता जिवंत आहे एवढे कळून भागत नाही. पलीकडे माणूस आहे का, तो मेल उघडतो का आणि अनोळखी व्यक्तीला उत्तर देतो का, हे त्यातून तपासले जाते. त्यात दुवा किंवा फाइल नसल्यामुळे गाळणीला, म्हणजे स्पॅम ओळखून अडवणाऱ्या प्रोग्रामला, पकडण्यासारखे काही सापडत नाही, आणि तो एखाद्या मोठ्या कंपनीच्या मोफत खात्यावरून पाठवलेला असल्यामुळे पाठवणाऱ्याची पतही चांगली असते. आपण सौजन्याने ‘आपण चुकीच्या पत्त्यावर लिहिले आहे’ असे कळवले, तर उत्तर देणारी व्यक्ती म्हणून आपल्या पत्त्याची किंमत वाढते. त्याखेरीज, ज्या पत्त्याला आपण स्वतः उत्तर दिले आहे त्याचा पुढचा मेल गाळणीतून सहज सुटतो. त्यामुळे अशा मेलला नकाराचेही उत्तर देऊ नये.

कृष्णाकाठ

सर्व्हरघर यांचे विवेचन आवडले. मात्र एक शंका आहे. एवढा खटाटोप परवडतो कसा? कोट्यवधी मेल पाठवून हाती काही लागते का?

सर्व्हरघर

याचे मोजमाप झालेले आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातील सर्वांत बोलके काम वाटते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कली येथील संशोधकांनी ‘स्टॉर्म’ नावाच्या बॉटनेटमध्ये, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्यात शिरकाव केला. त्या जाळ्यातून जाणाऱ्या औषधांच्या जाहिरातींचा काही हिस्सा त्यांनी स्वतः उभारलेल्या निरुपद्रवी दुकानाकडे वळवला आणि २६ दिवस निरीक्षण केले. सुमारे ३५ कोटी मेलमागे खरेदीपर्यंत पोहोचलेले ग्राहक २८ निघाले. प्रत्येक खरेदी सरासरी १०० डॉलरच्या आसपासची होती.

हे प्रमाण नगण्य वाटते. पण पाठवण्याचा खर्च दुसऱ्याच्या संगणकावर आणि दुसऱ्याच्या विजेवर पडत असेल, तर एवढेही पुरते. हाच हिशेब आपल्या कोड्याला लागू होतो. जिथे एक मेल जवळजवळ फुकट जातो, तिथे त्याने काही विकले नाही, केवळ एक आकडा परत आणला, तरी तो वाया गेला असे होत नाही. टपालाचे तिकीट लावून कोणी रिकामे पाकीट पाठवणार नाही. इथे तिकीटच नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेत असतो, आणि दुवा नसलेल्या स्पॅमचा एक जुना प्रकार इथल्या शेअर बाजाराशी जोडलेला असल्यामुळे त्याची भर घालतो. २००६-०७ च्या सुमारास अशा मेलचा पूर आला होता, ज्यांत एखाद्या अपरिचित कंपनीचे नाव, तिच्या शेअरचे संक्षिप्त चिन्ह आणि भाव वाढणार असल्याचे भाकीत एवढेच असे. दुवा नसे, कारण त्याची गरजच नव्हती. पाठवणाऱ्याने तो स्वस्त शेअर आधीच घेऊन ठेवलेला असे. वाचणारे आपापल्या दलालामार्फत तो विकत घेत, भाव चढे आणि पाठवणारा विकून मोकळा होई. मजकूर गाळणीला वाचता येऊ नये म्हणून तो पुष्कळदा चित्राच्या स्वरूपात असे. मार्च २००७ मध्ये इथल्या रोखे व विनिमय आयोगाने अशा ३५ कंपन्यांच्या शेअरचे व्यवहार एकाच वेळी स्थगित केले होते. दुवा नसला म्हणजे हेतू नाही असे समजणाऱ्याने हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे.

अलीकडे त्याच जागी बनावट पावती आली आहे. आपण न घेतलेल्या एखाद्या सेवेचे वार्षिक शुल्क कापले जात असल्याचे ती कळवते आणि रद्द करण्यासाठी दूरध्वनी करण्यास सांगते. मेलचे काम आपल्याला फोन करायला लावणे एवढेच असते, पुढचे सर्व माणूस बोलून करतो.

वाचनकट्टा

अतिशय आभारी आहे. रिकामे मेल आणि एका ओळीचे मेल यांचा उलगडा झाला. पण शब्दांच्या रांगा आणि कादंबरीतील परिच्छेद यांचे काय? तिथे तर मजकूर भरपूर असतो, आणि तो निवडण्याचे श्रमही कोणीतरी घेतलेले दिसतात.

सांख्यिकी

हा भाग माझ्या अभ्यासाचा असल्यामुळे थोडे लांबण लावतो.

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. स्पॅम ओळखण्यासाठी नियमांची यादी करण्याऐवजी प्रत्येक शब्दाची संभाव्यता मोजावी, असे त्याचे प्रतिपादन होते. वापरकर्त्याच्या चांगल्या मेलमध्ये एखादा शब्द किती वेळा येतो आणि स्पॅममध्ये किती वेळा येतो, यावरून त्या शब्दाला एक गुण मिळतो. नवा मेल आला की त्यातील सर्वांत बोलक्या १५ शब्दांचे गुण बेझच्या, म्हणजे संभाव्यता काढण्याच्या एका गणिती सूत्राने एकत्र करून निर्णय घेतला जातो. ही कल्पना आधीच्या काही संशोधकांनीही मांडली होती, पण या निबंधानंतर ती झपाट्याने पसरली.

स्पॅम पाठवणाऱ्यांनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे आपल्याला दिसणारे हे शब्द. औषधाच्या जाहिरातीभोवती बाग, पाऊस, आजी, नदी असे निष्पाप शब्द पसरले की एकूण गुण चांगल्याच्या बाजूला झुकेल, असा त्यामागचा तर्क होता. नुसते शब्द ओळखू येऊ लागले, तेव्हा अखंड परिच्छेद वापरले गेले, कारण त्यांत वाक्यरचना स्वाभाविक असते आणि स्वामित्वहक्क संपलेली हजारो इंग्रजी पुस्तके महाजालावर मोफत मिळतात. निवडण्याचे श्रम कोणी घेत नाही. प्रोग्राम कुठल्याही पानावरून ठराविक लांबीचा तुकडा उचलतो, आणि म्हणूनच तो वाक्याच्या मध्येच संपतो.

याचा दुसराही उपयोग आहे. मोठ्या सेवा पुरवठादारांकडे एकच मजकूर लाखो पेट्यांत जाताना दिसला तर तो लगेच ओळखता येतो, कारण प्रत्येक मजकुराचा एक गणिती ठसा काढता येतो. प्रत्येक प्रतीत वेगळा परिच्छेद घातला की प्रत्येक प्रतीचा ठसा वेगळा होतो.

मात्र, माझ्या मते, पहिल्या उद्देशासाठी ही युक्ती फारशी चांगली नव्हती. ग्रॅहमच्या पद्धतीत मधल्या गुणांचे शब्द मोजलेच जात नाहीत. गाळणीला फसवायचे तर त्या विशिष्ट वापरकर्त्याच्या पत्रव्यवहारातील खास शब्द माहीत हवेत; आपल्या वाचनालयाच्या बाबतीत ते ‘वर्गणी’ किंवा ‘ग्रंथालय संचालनालय’ असे असतील. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीतील शब्द तिथे कामाचे नाहीत. पण पाठवण्याचा खर्च नगण्य असल्यामुळे जी युक्ती थोडीशीही चालते ती टाकून दिली जात नाही.

आता जाहिरात कुठे गेली, हा प्रश्न उरतो. पुष्कळ मेलमध्ये एकाच मजकुराच्या दोन आवृत्त्या असतात: एक साधी, फक्त अक्षरांची, आणि दुसरी एचटीएमएलमध्ये, म्हणजे संकेतस्थळांची पाने ज्या भाषेत लिहितात तीत, सजवलेली. निरर्थक परिच्छेद साध्या आवृत्तीत घालायचा आणि खरी जाहिरात दुसऱ्या आवृत्तीत, बाहेरच्या सर्व्हरवरून येणाऱ्या चित्राच्या रूपाने ठेवायची, ही जुनी पद्धत आहे. आपला मेल प्रोग्राम सुरक्षिततेसाठी चित्रे दाखवत नसेल, किंवा तो सर्व्हर एव्हाना बंद पाडला गेला असेल, तर आपल्यापर्यंत केवळ वेष्टन पोहोचते. आपण ‘शो ओरिजिनल’ हा मेलचे मूळ स्वरूप दाखवणारा पर्याय वापरून एखादा जुना मेल तपासून पाहावा.

कृष्णाकाठ

आणि गुप्त संदेशांची शक्यता? ती पूर्णपणे नाकारता येईल का? १९९६ च्या ऑगस्टमध्ये यूझनेट या महाजालावरील जुन्या चर्चाव्यवस्थेतील गटांवर ‘मार्कोव्हियन पॅरॅलॅक्स डेनिग्रेट’ या शीर्षकाचे शेकडो संदेश आले होते, ज्यांत केवळ असंबद्ध शब्द होते. त्यामागे कोण होते याची उकल अजूनही झालेली नाही, असे वाचले आहे.

सांख्यिकी

ते उदाहरण खरे आहे आणि त्याचे कर्तेपण आजही अज्ञात आहे. पण शीर्षकातील पहिला शब्दच मार्कोव्ह साखळीकडे निर्देश करतो, म्हणजे एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, यावरून यंत्राने मजकूर जुळवण्याच्या पद्धतीकडे. तो मजकूर तयार करणाऱ्या प्रोग्रामचा प्रयोग असावा हे मला अधिक सयुक्तिक वाटते.

स्पॅममध्ये संदेश लपवता येतो, यात मात्र शंका नाही. ‘स्पॅममिमिक’ नावाचे संकेतस्थळ बऱ्याच वर्षांपासून हेच करते. आपण त्यात एक छोटे वाक्य घातले, तर ते त्याचे रूपांतर हुबेहूब जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या मजकुरात करते, आणि तो मजकूर परत दिला तर मूळ वाक्य मिळते. कल्पना अशी की स्पॅम कोणी लक्षपूर्वक वाचत नाही. म्हणजे लपवण्यासाठी वापरायचे तर ते नेहमीच्या जाहिरातीसारखे दिसले पाहिजे. ज्येष्ठ सभासदांना आपण हे सांगू शकता की ज्याच्याकडे पाहून कोणालाही कुतूहल वाटावे असा मजकूर गुप्तता हवी असलेला माणूस निवडणार नाही.

विदर्भवासी

विषय निघालाच आहे तर एक प्रकार कळकळीने सांगावासा वाटतो, कारण त्यात नुकसान होते. माझ्या नात्यातील एका गृहस्थांच्या पेटीत एका दुपारी अचानक शेकडो मेल येऊ लागले. ते फसवे नव्हते; जगभरातील खरी दुकाने, वृत्तपत्रे आणि संस्था ‘आमच्या वार्तापत्राची नोंदणी केल्याबद्दल आभार’ असे वेगवेगळ्या भाषांत कळवत होत्या. त्यांनी कशाचीही नोंदणी केली नव्हती. कोणी त्रास देत आहे असे समजून ते संध्याकाळपर्यंत मेल पुसत राहिले. त्या ढिगाऱ्यात त्यांच्या कार्डावर झालेल्या एका खरेदीची सूचना होती, आणि तीही पुसली गेली.

त्या पुरामागचा हेतू एवढाच होता की ती एक सूचना दिसू नये. प्रोग्रामद्वारे एकाच पत्त्याची हजारो ठिकाणी नोंदणी करता येते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकी सरकारी पत्त्यांवर असाच मोठा मारा झाला होता, त्यानंतर नोंदणीपूर्वी खातरजमा न करणाऱ्या संस्थांना आपली पद्धत सुधारण्याचा आग्रह धरला गेला.

आपल्याकडे याला आणखी महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक किंवा ग्राहक या दोघांचीही चूक नसताना त्रयस्थाकडून झालेला गैरव्यवहार सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर कोणतेही दायित्व येत नाही; उशीर झाला की ते वाढते. म्हणजे सूचना झाकून टाकणाऱ्याला केवळ वस्तू हाती पडेपर्यंतचा वेळ मिळत नाही, आपला हक्कही कमी होतो. अशा पुरात मेल पुसत बसू नये. आधी बँकेचे खाते आणि कार्डाचे व्यवहार थेट तपासावेत, संशय खरा ठरल्यास बँकेला आणि १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. मेल नंतर निवांत पुसता येतात.

माहेरवाशीण

आतापर्यंत न आलेली एक गोष्ट मांडते. प्रत्येक अनाकलनीय मेल स्पॅम नसतो. माझे नाव आणि आडनाव महाराष्ट्रात अतिशय प्रचलित आहे आणि जीमेलचा पत्ता मी फार लवकर घेतला होता. मला अनोळखी मुलांच्या शाळांचे निकाल, कोणाच्या तरी विम्याच्या पावत्या, एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेची सूचना असे मेल सतत येतात. जीमेल पत्त्यातील टिंब विचारात घेत नाही, त्यामुळे नावाच्या मध्ये टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकच ठरतो. पुष्कळांना ते दोन वेगळे वाटतात, आणि अर्ज भरताना आपल्या पत्त्यातील आकडा लिहायचा राहून जातो. हे मेल खऱ्या माणसांचे असतात. त्यात कोणाच्या तपासणीचा अहवालही असू शकतो, म्हणून संस्था ओळखीची आणि खरी असल्याची खात्री झाल्यास मी तिच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर कळवते. त्या मेलला मात्र उत्तर देत नाही, आणि सर्व्हरघर यांच्या लिखाणामुळे ते योग्यच आहे असे वाटते.

वाचनकट्टा

सांख्यिकी यांच्या सूचनेप्रमाणे कादंबरीच्या परिच्छेदाचा एक मेल मूळ स्वरूपात उघडून पाहिला. परिच्छेदाच्या खाली एचटीएमएलचा वेगळा भाग आहे आणि त्यात एका चित्राचा पत्ता आहे; चित्राच्या नावात अक्षरे व आकडे यांची लांबलचक माळ आहे. आमचा प्रोग्राम बाहेरची चित्रे दाखवत नाही, म्हणून ते कधी दिसले नव्हते. ती माळ कशासाठी असावी? आणि शेवटचा प्रश्न, वाचनालयाचा पत्ता संकेतस्थळावरून काढून टाकावा काय? कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत मला हे मांडायचे आहे.

सर्व्हरघर

ती माळ बहुधा फक्त आपल्या पत्त्यासाठी तयार केलेली आहे. ते चित्र मागवले गेले की पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर त्याच माळेची नोंद होते आणि आपण मेल उघडल्याचे त्याला कळते. डिसेंबर २०१३ पासून जीमेल अशी चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, त्यामुळे वाचणाऱ्याचा आयपी पत्ता (महाजालावरील त्याच्या जोडणीचा क्रमांक) आणि ठिकाण लपते, पण उघडल्याची नोंद लपतेच असे नाही. आपली चित्रे बंद ठेवण्याची व्यवस्था तशीच राहू द्यावी.

पत्ता काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सार्वजनिक वाचनालयाशी परगावच्या वाचकाला, अभ्यासकाला किंवा देणगीदाराला सहज संपर्क साधता आला पाहिजे, आणि जे पत्ते एकदा याद्यांत गेले आहेत ते संकेतस्थळावरून काढल्याने याद्यांतून निघत नाहीत. त्याऐवजी कार्यकारिणीपुढे एक वेगळा प्रस्ताव ठेवावा. वाचनालयाचे बँक खाते, अनुदानाशी संबंधित शासकीय संकेतस्थळे आणि संकेतशब्द बदलण्याच्या सूचना यांसाठी स्वतंत्र पत्ता घ्यावा, तो ग्रंथपाल आणि कोषाध्यक्ष यांच्यापुरता ठेवावा आणि लेटरहेडसह कुठेही छापू नये. छापील पत्त्यावर विदर्भवासी यांनी सांगितलेला पूर आला, तरी बँकेची सूचना त्यात बुडणार नाही.